बिनपगारी सरकारी इंटर्नशिप घ्यायची की नाही? ठरवताना या चुका टाळा

मंत्रालयातला एखादा विभाग, महापालिका, जिल्हा परिषद किंवा थेट दिल्लीतला नीती आयोग. इंटर्नशिप मिळतेय, पण मानधन शून्य. अशा वेळी बरेच विद्यार्थी ‘सरकारी’ एवढं एकच विशेषण बघून होकार देतात आणि खर्च, हजेरी, प्रमाणपत्र यांचा विचार रुजू झाल्यावर करतात. आमचं मत स्पष्ट आहे. काम कोणतं, देखरेख कोणाची आणि शेवटी कागद कोणता मिळणार, या तीन गोष्टी आधी लेखी ठरल्या असतील तर पैसे नसतानाही ती घ्यावी. ठरत नसतील तर कार्यालयाचं नाव कितीही मोठं असो, थांबावं.

सरकारी म्हणजे फुकटच, असं धरून चालणं

रिझर्व्ह बँक आणि परराष्ट्र मंत्रालय आपल्या इंटर्नना मानधन देतात. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. मात्र शिक्षण चालू असलेल्यांना त्यात प्रवेश नव्हता. म्हणून बिनपगारी जागेला होकार देण्याआधी, आपण पात्र आहोत अशी मानधनाची एखादी जागा त्याच सुट्टीत आहे का, हे शोधून घ्या.

उलट बाजूही सांभाळा. नोंदणीसाठी कुणी पैसे मागितले तर संकेतस्थळाचा पत्ता gov.in किंवा nic.in ने संपतो का, ते आधी बघा. काही सार्वजनिक उपक्रम प्रशिक्षणाचं अधिकृत शुल्क घेतात, पण ते संस्थेच्याच खात्यात भरायचं असतं. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे पाठवायला सांगितले की विषय तिथेच संपवा.

खर्च महिन्यांऐवजी आठवड्यांत मोजणं

नीती आयोगाची इंटर्नशिप किमान ६ आठवड्यांची, कमाल ६ महिन्यांची असते. ती बिनपगारी आहे, लॅपटॉप स्वतःचा न्यावा लागतो आणि ठरलेली मुदत पूर्ण केली नाही तर प्रमाणपत्र मिळत नाही. आता ६ आठवडे म्हणजे दीड महिना, म्हणून दीड महिन्याचं भाडं, असा हिशेब घरी मांडला जातो. पण पीजीवाले बहुधा पूर्ण महिन्याचंच भाडं घेतात. खोली १०,००० रुपये धरली तर २ महिन्यांचे २०,०००, जेवण ७,५००, मेट्रो-रिक्षा ३,०००, येण्याजाण्याचं रेल्वे तिकीट ४,०००, झाले ३४,५००. वर अनामत वेगळी, तीही परत मिळेपर्यंत अडकलेली. शिकवण्या किंवा अर्धवेळ काम सोडून जात असाल तर ती बुडालेली कमाईही यातच धरा.

यासाठी कर्ज काढावं लागत असेल तर जाऊ नका. घरून रोज जाता येईल अशी जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा पंचायत समिती बघा. योजना कागदावर कशी असते आणि गावात पोचेपर्यंत कुठे अडते, हे दिल्लीपेक्षा तिथे जास्त जवळून दिसतं. प्रशासन शिकायचं असेल तर आम्ही तीच जागा वरची मानतो.

श्रेयांक (क्रेडिट) मिळतीलच, असं समजणं

ही चूक सर्वात महागात पडते, कारण ती निकालाच्या वेळी कळते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचं ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) असतं, म्हणजे १२० तास. मंत्रालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ आणि आठवडा ५ दिवसांचा. जेवणाचा अर्धा तास वगळला तर दिवसाचे ८ तास, म्हणजे १५ पूर्ण दिवसांची हजेरी. मधली एखादी सार्वजनिक सुट्टी आली की ३ आठवड्यांत तास भरत नाहीत. म्हणून मुदत ४ आठवड्यांची मागा आणि रोजच्या हजेरीवर त्याच दिवशी सही घ्या. महिन्याभराच्या सह्या शेवटच्या दिवशी द्यायला कुठलाही नीट अधिकारी तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे.

कायद्याच्या विद्यार्थ्यांचा नियम निराळा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार ३ वर्षांच्या अभ्यासक्रमाला एकूण १२ आणि ५ वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग ४ आठवड्यांपेक्षा जास्त नाही. सलग ८ आठवडे एखाद्या आयोगात काढले आणि सगळे धरले जातील असं समजलात तर हिशेब चुकेल. कॉलेजकडून आधी लेखी मान्यता आणि ना हरकत प्रमाणपत्र घ्या.

कॅलेंडर न बघता तारीख घेणं

राज्य सरकारच्या सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात, नेमक्या उन्हाळी सुट्टीत. ज्या साहेबांनी तुम्हाला ‘या’ म्हटलं, ते तुम्ही रुजू होईपर्यंत दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असू शकतात. म्हणून पत्रात अधिकाऱ्याच्या नावासोबत पदनाम आणि कार्यासनाचा (विभागातला तो विषय हाताळणाऱ्या डेस्कचा) उल्लेख हवाच. नवीन अधिकाऱ्यापुढे तोच कागद उपयोगी पडतो. मार्चअखेर टाळा, सगळं कार्यालय निधी खर्ची टाकण्यात गुंतलेलं असतं. विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात आमदारांचे तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना यांची उत्तरं तयार करण्यातून कुणालाच सवड नसते. डिसेंबरात तर अधिवेशनासाठी बरेच अधिकारी नागपुरात असतात.

काम न ठरवता रुजू होणं

‘विभागाच्या कामकाजाचा अभ्यास’ असं पत्रात असेल तर झेरॉक्स आणि एक्सेल भरणं वाट्याला येण्याची तयारी ठेवा. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. कक्ष अधिकाऱ्याकडे स्वतःच्या नस्त्या (फायली) तुंबलेल्या असतात आणि ई-ऑफिसचं, म्हणजे फायलींच्या संगणक प्रणालीचं, लॉगिन इंटर्नला सहसा मिळत नाही. तुम्हीच पहिल्या आठवड्यात एक पानाचा प्रस्ताव द्या: ‘तालुक्यातल्या ३० ग्रामपंचायतींच्या ३ वर्षांच्या पाणीपट्टी वसुलीचा तक्ता आणि थकबाकीची कारणं, ४ आठवड्यांत, १५ पानी अहवाल.’ एवढं नेमकं असलं की होकार लवकर मिळतो आणि माहिती कोणत्या टेबलावर मागायची तेही कळतं.

अहवाल शक्यतो प्रसिद्ध शासन निर्णय आणि खुल्या आकडेवारीवर उभा करा. नस्तीतल्या टिपणीचा मोबाइलवर फोटो काढू नका. तो बाहेर गेला तर इंटर्नशिप जाईलच, ज्यांनी विश्वासाने नस्ती दाखवली त्यांनाही खुलासा द्यावा लागेल.

२ आठवडे झाले तरी काम मिळत नसेल तर ईमेलवर स्मरण द्या आणि कॉलेजच्या समन्वयकाला प्रत पाठवा. तरीही हालचाल नसेल तर झालेल्या तासांचं पत्र मागून लेखी कळवून बाहेर पडा. न सांगता जाणं बंद केलंत तर त्या कार्यालयात पुढच्या वर्षीच्या मुलांचा अर्जही अडतो.

प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी मागणं

साहेब दौऱ्यावर असतात, म्हणून मसुदा १० दिवस आधी स्वतः टाइप करून द्या. त्यात कालावधी, एकूण तास, कार्यासन, केलेलं काम, सही करणाऱ्याचं नाव व पदनाम, शिक्का आणि जावक क्रमांक (बाहेर जाणाऱ्या पत्राचा कार्यालयातला नोंद क्रमांक) हवा. जावक क्रमांक नसेल तर नंतर कुणी पडताळणी मागितली तेव्हा कार्यालयाला स्वतःचंच पत्र सापडत नाही.

या कागदाने सरकारी नोकरीवर हक्क तयार होत नाही. एमपीएससीच्या राज्यसेवेत किंवा यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत त्याचे वेगळे गुण नाहीत. मुलाखतीत त्यावर प्रश्न येऊ शकतो, आणि तेव्हा तो १५ पानी अहवाल खरोखर तुम्हीच लिहिलेला असेल तरच उत्तर देता येईल.