डोंगरातल्या लाकडी केबिनमध्ये राहायला जाताय? या चुका टाळा

‘गाद्या कुठे आहेत?’ हा प्रश्न मी इतक्यांच्या तोंडून ऐकलाय की आता हसूही येत नाही. बुकिंगच्या पानावर ‘चार जणांची झोपायची सोय’ असं लिहिलेलं असतं. आत गेल्यावर दिसतात चार फळ्या, फार तर वर एक प्लास्टिकचं आवरण घातलेली पातळ गादी. साध्या केबिनमध्ये सोय म्हणजे एवढंच. नळ बाहेर, संडास बाहेर, वीज बहुधा नाहीच. केबिन म्हणजे भिंती असलेला तंबू, असं समजून सामान भरा. स्लीपिंग बॅग, उशी, भांडी, दिवे, टॉयलेट पेपर, सगळं आपलं. छायाचित्रात दिसणारी घोंगडी छायाचित्रकाराची असते.

आता माझ्या डोक्यात जाणारी खरी चूक. शेगडी.

लाकडाची शेगडी दिसली की नवख्यांच्या अंगात येतं. पोचल्या पोचल्या मोठा ओंडका आत कोंबायचा, खाली कागद पेटवायचा, आणि खोलीभर धूर झाला की ‘शेगडी खराब आहे’ म्हणायचं. शेगडी खराब नसते. धुराड्यात गार, जड हवा बसलेली असते, ती धुराला वर जाऊच देत नाही. मी आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडतो, एक खिडकी बोटभर उघडी ठेवतो, आणि जळता कागद धुराड्याच्या तोंडाशी मिनिटभर धरतो. ज्वाळा वर ओढली जायला लागली की मगच खालचं जळण पेटवायचं. आधी पेन्सिलीएवढ्या काटक्या, मग अंगठ्याएवढ्या, मग मनगटाएवढी लाकडं. यात पंधरा-वीस मिनिटं जातात. ज्यांना तेवढा धीर नाही ते रॉकेल शोधायला लागतात. पेटत्या किंवा गरम शेगडीत रॉकेल ओतणाऱ्या माणसाबरोबर मी एका छताखाली झोपत नाही.

लाकूड ओलं असेल तर वरचं सगळं करूनही फुकट. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं, आणि आगीची बरीच ताकद ते पाणी उडवण्यात जाते. जळणात ओल वीस टक्क्यांच्या आत हवी. मोजायचं यंत्र कोण बाळगतंय! मी दोन तुकडे एकमेकांवर आपटतो. खणखणीत आवाज आला तर कोरडं, ‘धप्प’ झालं तर ओलं. टोकाला तडे गेलेले असले की आणखी खात्री. ओल्या लाकडाच्या धुराचा डांबरासारखा थर धुराड्यात साचतो आणि कधीतरी तो थरच पेट घेतो, हे वेगळंच. लांबून स्वतःचं सरपणही नेऊ नका. सालीखालच्या किडी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात अशाच जातात.

पण यापेक्षा भयंकर चूक रात्री होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही चौघं एका उंचावरच्या केबिनमध्ये होतो. बाहेर पाणी गोठत होतं. आमच्यातला एक पहिल्यांदाच आलेला, पण सगळं येत असल्यासारखा. त्याने कुठेतरी वाचलं होतं की निखारे झाले की झडप बंद करावी, म्हणजे ऊब रात्रभर टिकते. आम्ही झोपल्यावर त्याने झडप बंद केली. वर दाराखालच्या फटीत टॉवेलही कोंबला. किती ती काळजी!

पहाटे मला लघवीला जाग आली. डोकं ठणकत होतं, पोटात ढवळत होतं. वाटलं, उंचीमुळे असेल. विरळ हवेचा त्रास अगदी असाच असतो, म्हणूनच माणूस फसतो. बाहेर थंडीत पाच-दहा मिनिटं उभा राहिलो आणि डोकं हलकं झालं. उंची तर तेवढीच होती! मग आत जाऊन दार-खिडक्या सताड उघडल्या आणि तिघांना ओढत बाहेर काढलं. एकाला नीट उभंही राहता येत नव्हतं. उजाडेपर्यंत स्लीपिंग बॅगा अंगाभोवती गुंडाळून पायरीवर कुडकुडत बसलो, आणि सकाळी पहिलं काम दवाखाना. कार्बन मोनॉक्साइड. निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून ते निरुपद्रवी वाटतात, पण हा वायू ते भरपूर सोडतात, आणि त्याला रंगही नाही, वासही नाही.

भिंतीवर त्याचा इशारा देणारं यंत्र होतं बरं का. आधीच्या कुणीतरी त्यातले सेल काढून नेले होते. टॉर्चसाठी नेले असावेत. आम्ही चौघांनी संध्याकाळी ते यंत्र पाहिलं होतं आणि एकानेही बटण दाबून बघितलं नव्हतं. त्यात मीही आलो.

तेव्हापासून स्वतःचं छोटं यंत्र माझ्या बॅगेत असतं. निखारे जिवंत असेपर्यंत धुराड्याची झडप मी बंद करत नाही. आग मंद करायची तर शेगडीच्या पुढची हवेची खिडकी कमी करतो. खोलीची खिडकी रात्रभर थोडी उघडीच. थंडी वाजते? टोपी घाला. कोळशाची शेगडी किंवा स्वयंपाकाचा गॅस ऊब यावी म्हणून आत पेटवणं तर सोडूनच द्या. एकाच खोलीतल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं तर चर्चा करत बसू नका, आधी बाहेर पडा.

राख गार दिसते, गार नसते. तिच्यात निखारा दोन-चार दिवससुद्धा धुगधुगतो. झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली लाकडी ओसरीवर नाही, मातीवर.

उंदीर. केबिन महिनोन्‌महिने बंद असते, तेव्हा मूळ रहिवासी तेच. लेंड्या दिसल्या की लोक झाडू उचलतात. कोरडं झाडू नका! काही भागांतल्या उंदरांच्या विष्ठेतून हंटाविषाणू पसरतो, आणि तो त्या धुळीबरोबरच नाकात जातो. दारं-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवून बाहेर थांबा, मग हातमोजे घालून लेंड्यांवर ब्लीचचं पाणी शिंपडा (एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी), पाच मिनिटांनी कागदाने पुसून घ्या. खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात. पिशवीला गाठ मारणं म्हणजे उंदराला आमंत्रण. अस्वलांच्या जंगलात टूथपेस्टसुद्धा खाण्यातच धरा आणि तिथे दिलेल्या लोखंडी पेटीत ठेवा.

अंधारात पोचू नका. दरीत सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि गारवा लगेच उतरतो. वर चढताना दर हजार मीटरला तापमानात साधारण साडेसहा अंश फरक पडतो. पायथ्याचा अंदाज बघून कपडे भरणारे वर येऊन माझं जॅकेट मागतात.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसो, उकळा. खळखळून एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं. कडधान्यं उंचावर लवकर शिजत नाहीत, भूक लागायच्या आधी चूल पेटवा.

गॅसच्या डब्यात नुसतं ब्यूटेन असेल तर शून्य अंशाच्या आसपास तो हात टेकतो. प्रोपेन मिसळलेला घ्या.

फोनची बॅटरी थंडीत आणि रेंज शोधण्यात संपते. विमान मोड, आणि रात्री फोन स्लीपिंग बॅगेत.

हेडलॅम्प प्रत्येकाला एक. संडासाची वाट रात्री दुप्पट लांब होते.

आणि दाराच्या कुलपाचा आकडा. तो मेसेजमध्ये आलेला असतो आणि दारात उभं राहिल्यावर रेंज नसते. कागदावर लिहून घ्या. पेन्सिलीने लिहा, थंडीत बॉलपेनही रुसतं.