शिंपल्याच्या नक्षीचं कार्डियल मडकं घरी कसं करायचं

इ.स.पू. ६००० च्या आसपास भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने शेती आणि शेळ्यामेंढ्या घेऊन पश्चिमेला स्पेन-पोर्तुगालपर्यंत जे लोक पसरले ना, त्यांच्या मडक्यांवर शिंपल्याच्या कडेने दाबून केलेली नक्षी असते, त्यालाच कार्डियल म्हणतात. चाक नव्हतं, सगळं हाताने. तुम्हीपण करा, कारण एकदा स्वतः ठसा उमटवलात की म्युझियममधलं खापर वेगळंच दिसायला लागतं.

माती कुंभाराकडून आणा, आणि त्यात जुन्या कौलाची किंवा खापराची भुकटी घाला, पाच वाट्या मातीला एक वाटी, नाहीतर भाजताना तडकते. स्पेन-फ्रान्सकडच्या बऱ्याच मडक्यांत कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतलं खनिज, कुटून घातलेलं सापडतं पण पहिल्या वेळी त्याच्या नादी लागू नका, आच ८०० अंशांच्या वर गेली की त्याचा चुना होतो, तो नंतर ओलावा पिऊन फुगतो आणि मडक्याचे टवके उडतात.

बूड गोल ठेवायचं. वाटीत फडकं घालून त्यात बूड थापा, वर मातीच्या वळ्या एकावर एक लावा आणि आतून-बाहेरून बोटाने सांधे नीट मिटवा.

आता खरं काम, शिंपला. उभ्या कंगोऱ्यांचा आणि दातेरी कडेचाच पाहिजे, आपल्या तिसऱ्यांचा चालत नाही कारण कड गुळगुळीत असते. बोट दाबल्यावर ठसा उठतो पण माती बोटाला चिकटत नाही, एवढी ती आवळली की सुरू करा. शिंपला सरळ उभा धरून दाबला तर बारीक दात्यांची रांग येते, एक टोक टेकवून दुसरं डोलवत पुढे सरकलात तर नागमोडी, आणि ओढलात तर समांतर रेघा. आधी उरलेल्या ओल्या मातीच्या तुकड्यावर हात बसवा. जुन्या लोकांनी याच कडेने आडवे पट्टे, झिगझॅग आणि भरलेले त्रिकोण काढलेत, आणि स्पेनच्या कोवा दे लोर गुहेतल्या खापरांवर तर हात वर केलेली माणसंसुद्धा आहेत!! एका शिंपल्यात एवढं, मला तरी हे फार मोठं वाटतं.

मडकं सावलीत आठवडाभर तरी सुकू दे. तेवढ्यात ही माणसं राहायची कशी ते वाचून काढा, रोमजवळ ला मार्मोत्ता हे गाव आज तळ्याच्या पाण्याखाली आहे, तिथे एकाच ओंडक्यातून कोरलेल्या होड्या मिळाल्यात, त्यातली एक तर १० मीटरच्या आसपास लांब. स्पेनमधल्या कॅटलोनियात ला द्रागा इथे तळ्याकाठच्या घरांचे ओकचे खांब ओल्या मातीत टिकलेत. म्हणजे गुहेतच राहायचे असं अजिबात नाही.

भाजायला उघड्यावर, वारा नसताना. आधी मडकं निखाऱ्यांच्या बाजूला फिरवत तासभर चांगलं तापवा, ही पायरी सोडू नका, आत ओल राहिली तर फुटणारच. मग गोवऱ्या आणि सुकी लाकडं भोवती रचून पेटवा आणि राखेतच गार होऊ द्या, काळे डाग पडतील ते असू देत, जुन्यांवरही असतात.

लगेच पाणी भरू नका, झिरपतं. आधी पातळ पेज मंद आचेवर शिजवा, पिठूळ पाण्याने छिद्रं बरीच बुजतात.