मातीत किती बी दडलंय, ते कसं मोजायचं?

वरून जमीन कितीही साफ दिसली तरी खाली बी असतंच, आणि काही बी तर भलतंच चिवट असतं. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1879 साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बियांच्या 20 बाटल्या पुरल्या, त्यातली एक 2021 मध्ये काढली तर त्यातल्या काही बिया चक्क उगवल्या!

खरी गडबड होते ती माती घेतानाच. बी सगळीकडे सारखं पडलेलं नसतं, झाडाखाली ढीगभर आणि हातभर पलीकडे काहीच नाही, म्हणून चार मोठे खड्डे खणण्यापेक्षा 5 सेंमी व्यासाच्या पाइपने 40 ठिकाणची थोडी थोडी माती घ्या. वरचे 5 सेंमी आणि खालचे 5 सेंमी वेगळ्या पिशव्यांत ठेवा. हंगामातली उगवण संपलीये आणि नवीन बी अजून गळायचंय, अशा मधल्या काळात घेतलं तर वर्षानुवर्षं टिकणाऱ्या बियांचा अंदाज येतो.

मग माती पाण्याने धुऊन आधी 4 मिमीच्या चाळणीतून काढा (वर राहिलेल्या काडीकचऱ्यात मोठ्या बिया असतात, तो बघितल्याशिवाय फेकू नका) आणि नंतर 0.2 मिमीच्या, म्हणजे चिखल निघून जातो. या बारीक चाळणीवर उरलेला गाळ ट्रेमध्ये निर्जंतुक वाळूवर 3 ते 5 मिमी, एवढाच पातळ पसरा, जाड टाकलात तर तळातल्या बारीक बियांना उजेड मिळत नाही आणि त्या उगवतच नाहीत. शेजारी नुसत्या वाळूचा एक ट्रे हवाच, वाऱ्याने आलेलं बी त्यात पकडलं जातं.

रोप ओळखलं की मोजून उपटा, नाही ओळखलं तर कुंडीत लावा आणि फुलायची वाट बघा. उगवण थांबली की गाळ वाळवायचा, हलवायचा, परत भिजवायचा, आणि हे काही महिने चालू ठेवायचं, मला तरी घाई केलेला आकडा पटत नाही.

हिशोब सोपा आहे. 40 नमुन्यांचं मिळून क्षेत्रफळ साधारण 785 चौ. सेंमी, त्यात 60 रोपं आली तर चौरस मीटरला सुमारे 764. पण हा कमीत कमी आकडा धरा, कारण सुप्त बी, म्हणजे जिवंत असूनही अजून न उगवलेलं, यात येतच नाही. शेवटी उरलेला गाळ भिंगाखाली बघा, चिमट्याने हलकं दाबल्यावर जी बी चुरडत नाही, टणक लागते ती जिवंत असू शकते, आणि पक्कं करायचं असेल तर कापून टेट्राझोलियम या रसायनाच्या द्रावणात ठेवा, जिवंत गर्भ लाल होतो.