सीगल टिपायला दापोलीकडे निघताय? आधी तिथी बघा

थंडीत कोकणात फोटो काढायला येणारी मंडळी सामानाची यादी लेन्सपासून सुरू करतात. माझी यादी भिंतीवरच्या कालनिर्णयपासून सुरू होते. उडणारी, पळणारी गोष्ट टिपायला शिकायचं तर ती कुठे असेल आणि कुठल्या दिशेला तोंड करून निघेल, हे आधी ठाऊक हवं. शटरचे आकडे त्यानंतर.

तर पहिलं काम तिथी बघण्याचं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि दुपारी बाराला ओहोटी. गावागणिक थोडं मागेपुढे होतं, पण बेत ठरवायला पुरतं. आपल्याला सकाळी पाणी ओसरलेलं हवं, कारण ओल्या वाळूवर सीगल, म्हणजे आपले कुरव, थव्याने उतरतात. तृतीयेला सव्वादोनची भरती, म्हणजे सव्वाआठच्या आसपास ओहोटी. द्वितीया-तृतीयेला लागून रविवार येत असेल तर सुट्टी तेव्हाच टाका. महिना नोव्हेंबर ते मार्च यांमधला हवा. हे पाहुणे पक्षी उन्हाळा तापला की उत्तरेला परततात.

दुसरं, वारा. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्याला मतलई म्हणतात. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. पक्षी वाऱ्याला तोंड देऊनच उडतात आणि उतरतात. आता मुरूड किंवा कर्द्याच्या पुळणीवर सकाळी जमिनीकडे पाठ करून उभे राहा. सूर्य तुमच्या पाठीशी, वारा तुमच्या पाठीकडून, आणि थवा उठला की तोंड तुमच्याकडे, तेही उन्हात. संध्याकाळी सगळं उलटं होतं. पक्षी समुद्राकडे तोंड करून उठतात आणि समोर सूर्य असतो, त्यामुळे हाती शेपट्या आणि काळ्या आकृत्या लागतात. संध्याकाळ होड्यांसाठी राखून ठेवा. एक मात्र ध्यानात घ्या, मागे डोंगर आणि सुरूचं बन असल्यामुळे सूर्य उगवला तरी ऊन वाळूवर उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात चहा होतो.

आता कॅमेरा. फोकस सलग पाठलाग करणाऱ्या मोडवर टाका. कॅननवर त्याला सर्व्हो म्हणतात, निकॉन आणि सोनीवर एएफ-सी. शटरचा हिशोब एकदा कागदावर करून बघितलात तर पुन्हा पाठ करावा लागत नाही. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी वस्तू सेकंदाला १० मीटर जाते. १/२५० सेकंदात ती ४ सेंटिमीटर सरकते, १/२००० मध्ये अर्धा सेंटिमीटर. पंखांच्या टोकांचा वेग याहून जास्त. म्हणून पक्ष्यांना १/२००० पासून सुरुवात करा, उजेड कमी पडला तर आयएसओ वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. कुरवाचं पोट पांढरं आणि मागचं पाणी गडद, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि पिसं जळून पांढरी सपाट होतात. एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप खाली घ्या आणि पहिल्या दोन-तीन फोटोंत हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघून घ्या.

कार्डाचंही बघा. सेकंदाला १० रॉ फोटो आणि एकेक २५ एमबीचा, म्हणजे सेकंदाला २५० एमबी. व्ही-३० कार्डाची हमी सेकंदाला ३० एमबी लिहिण्याची. बफर, म्हणजे कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण, भरला की कॅमेरा दम खातो, आणि थवा नेमका तेव्हाच उठतो. बटण दाबून धरू नका, तीन-चार फोटोंचे छोटे झटके द्या.

पॅनिंगचा, म्हणजे पळत्या गोष्टीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्याचा, सराव घरीच करून या. त्यासाठी एसटीसारखी गोष्ट नाही: मोठी, लाल, ठरलेल्या रस्त्याने जाणारी, आणि चुकली तर मागून दुसरी येते (उशिरा का होईना). रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे राहा. गाडी जिथे टिपायची त्या दिशेला पावलं रोवा, कोपरं छातीला लावा, कमरेतून मागे वळून गाडी लांब असतानाच व्ह्यूफाइंडरमध्ये पकडा आणि तिच्याबरोबर फिरत या. समोर आली की बटण हलकेच दाबा, पण फिरणं थांबवू नका. बहुतेकांचे फोटो इथेच बिघडतात. आधी १/१२५, जमलं की १/६०, मग १/३०. बोर्डावरचं गावाचं नाव वाचता येतंय आणि मागची झाडं रेघा झालीत, असं झालं की पुळणीवरच्या घोडागाडीला किंवा सायकलवरच्या पोरांना हात घाला.

हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला जाणार असाल तर चपला घसरणार नाहीत अशा घ्या आणि मोठी बॅग खोलीवरच ठेवा. टोपल्या डोक्यावर घेऊन बायका घाईत असतात. त्यांच्या वाटेत गुडघा टेकून बसणारा फोटोग्राफर मला तरी बघवत नाही. "मावशी, फोटो काढू का?" एवढं विचारलंत की बहुतेक वेळा हो मिळतं, नाही म्हटलं तर लेन्स होड्यांकडे वळवा. पक्ष्यांना उडवण्यासाठी शेव-गाठ्या फेकणं हा प्रकारही करू नका. आंजर्ल्याला किंवा वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा फ्लॅश बंद हवाच, पण फोकससाठी पेटणारा कॅमेऱ्यावरचा छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद करा. तो बहुतेकांना आठवत नाही.

बाकी सामान थोडंच: दोन भरलेल्या बॅटऱ्या, ब्लोअर, दोन मऊ फडकी, सिलिका जेलच्या पुड्या, एक जाड प्लास्टिकची पिशवी. लेन्स पुळणीवर बदलू नका. वाळू आधी ब्लोअरने उडवा, मगच फडकं लावा, नाहीतर काचेवर ओरखडे येतील. ट्रायपॉडचे पाय रात्री गोड्या पाण्याने पुसा. खोलीला एसी असेल तर कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर आणा आणि अर्धा तास तसाच राहू द्या, काचेवर वाफ धरणार नाही. आणि बॅटऱ्या मुक्कामी पोचल्या पोचल्या चार्जिंगला लावा. रात्री लाईट जाऊ शकते.