शिफ्ट बदलताय? या चुका टाळा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पर्सोनेलचं, म्हणजे कामगारांच्या भरती-हजेरी-शिफ्टचं काम करताना एकच चूक मी इतक्या वेळा पाहिली की आता राग येतो. शनिवारी संध्याकाळी बोर्डावर नोटीस आणि सोमवारपासून अंमल.

ती मीही केली आहे. एका फाउंड्रीत बारा तासांच्या दोन शिफ्ट बंद करून आठ-आठ तासांच्या तीन केल्या. निर्णय कामगारांच्या भल्याचाच वाटत होता, म्हणून कुणाला विचारलं नाही. पंधरा दिवसांत रिजेक्शन, म्हणजे खराब निघणारा माल, वाढलं, दोघे आजारी रजेवर गेले आणि सर्वांत जुना मोल्डर (साचे भरणारा कारागीर) फोरमनच्या अंगावर धावून गेला. मालक म्हणाले, "ह्यांना बदल नकोच असतो." मी मोल्डरमामांना घेऊन कँटीनमागे बसलो. ते म्हणाले, "साहेब, ह्या आठवड्यात शेताची लाइट रातची. उसाला पाणी कोण पाजणार? आणि सोसायटीचा हप्ता ओव्हरटाइमवर भागत हुता, त्यो कुठनं आणू?" चार दिवस ते धड झोपले नव्हते.

शेतीच्या विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे आपसात पाळी बदलायची मुभा दिली. ओव्हरटाइम एकदम न तोडता तीन महिन्यांत कमी केला. रिजेक्शन उतरलं. तेव्हापासून नोटीस काढण्याआधी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहितो: कामावर कशाने येतो, घरी शेत-जनावरं काय आहेत, ओव्हरटाइमचे पैसे कुठे जातात. याला वेळ लागतो. नव्या मॅनेजरांना तो द्यायचा नसतो, त्यांना महिनाअखेरीला आकडा हवा असतो. शिफ्ट बदलण्याआधी 21 दिवसांची नोटीस 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ते दिवस माणसांशी बोलायला वापरा.

दुसरी चूक, ताण दिसला की योगाचं सत्र ठेवणं. योग चांगलाच आहे, पण ज्या कारणाने झोप उडाली ते तसंच राहतं. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलं होतं की कामाचा रेटा जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायची मोकळीक कमी, अशा जागी ताण साठतो. माझा अनुभव तोच. मशीनवरच्या माणसाला मधल्या सुट्टीची वेळ जरी स्वतः ठरवू दिली, तरी फरक पडतो.

बदल रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू नका. नवीन सॉफ्टवेअर कामगारांआधी सुपरवायझरला शिकवा, नाहीतर आपल्याला ते येत नाही हे लपवायला तो ओरडत राहतो. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आठवड्यात काहीही नवीन सुरू करू नका.

आणि कुणी जेवण टाकलं, पिणं वाढवलं, "सुटावं एकदाचं" असं बोललं, तर उपदेश करू नका. जवळ बसा, घरच्यांना कळवा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी नोटीस बोर्डावर लावत नाही, तिथे उतरवून घेताना चारचौघं बघतात. संडासाच्या दाराला आतून चिकटवतो.