निखाऱ्यावरची तारली, लिस्बनच्या रीतीने

तारली घरात आली की कोकणात तिरफळ, आमसूल आणि लाल मसाला आपोआप खाली उतरतात आणि तिखले शिजायला लागते. पोर्तुगालमध्ये मात्र तारलीच्या जवळच्या नात्यातला सार्डिन हा मासा केवळ खडे मीठ आणि विस्तव यांच्या भरवशावर भाजला जातो. दरवर्षी १२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाच्या पूर्वसंध्येला, लिस्बनच्या अल्फामा या जुन्या वस्तीत दारोदार शेगड्या पेटतात, गल्ल्यांवर कागदी माळा लागतात आणि खिडक्यांत बारीक पानांच्या तुळशीसारख्या ‘मांजेरिकू’ या रोपाच्या कुंड्या दिसतात. कुंडीत कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. रोपाला नाक लावले तर ते कोमेजते, अशी तेथे समजूत असल्याने पानांवरून तळहात फिरवून मग हाताचा वास घ्यायचा, अशी रीत आहे.

सण जूनमध्ये असला तरी आपण ती तारीख धरू नये. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, आणि तो काळ पाळलाच पाहिजे, कारण अनेक माशांच्या विणीचा हाच हंगाम असतो. पोर्तुगालचा सार्डिन उन्हाळ्यात चरबी धरतो, तर आपली तारली पावसाळा सरल्यानंतर तेलाने भरते. त्यामुळे नारळीपौर्णिमेनंतर, शक्यतो ऑक्टोबरपासून पुढे, हा बेत करावा.

या पदार्थात मासा निवडणे हे निम्म्याहून अधिक काम आहे, कारण मसाला नसल्यामुळे शिळेपणा लपवायला जागाच राहत नाही. डोळा स्वच्छ आणि उठावदार, कल्ले लालभडक, पाठीवर निळसर-हिरवी झाक आणि पोट घट्ट असावे. पोट फुटलेली तारली कितीही स्वस्त मिळाली तरी भाजण्यासाठी घेऊ नये. बर्फात ठेवलेलाच मासा घ्यावा आणि घरी येईपर्यंत तो थंड ठेवावा. तारली, बांगडा यांसारख्या माशांत उष्णतेमुळे हिस्टामिन तयार होते. ते शिजवूनही जात नाही आणि त्याने अंगावर पित्त उठून चेहरा लाल होणे, डोके दुखणे असे त्रास होतात.

पोर्तुगालमध्ये सार्डिन अख्खाच, पोट न काढता भाजण्याची पद्धत आहे. कातडी अखंड राहिली की तेल आतच राहते, हे त्यामागचे कारण योग्यच आहे. पण आपल्या हवेत पोटातला भाग फार लवकर बिघडतो. मासा नुकताच जाळ्यातून आलेला नसेल तर कल्ल्याखाली लहानशी चीर देऊन पोट साफ करावे, मात्र डोके आणि शेपटी ठेवावी. खवले घासून काढू नयेत. ते जाळीला मासा चिकटू देत नाहीत आणि कातडीबरोबर नंतर निघून येतात. मासा धुऊन नीट कोरडा करावा, दोन्ही बाजूंनी खडे मीठ सढळ हाताने लावावे आणि अर्धा तास थंड जागी ठेवावा. बारीक मीठ वापरू नये, कारण ते लगेच विरघळून मासा खारट करते. सिंधुदुर्गात राहणाऱ्यांना १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी प्रसिद्ध असलेल्या शिरोड्याकडचे जाडे मीठ मिळाले, तर त्याहून चांगले काय हवे? हळद, लिंबू, आले-लसूण यांपैकी काहीही लावू नये. हात त्या डब्यांकडे वळेल, पण एकदा तरी तो आवरावा.

कोळशाबरोबर नारळाच्या करवंट्या पेटवाव्यात. त्यांची ज्वाळा मोठी असते, म्हणून ती पूर्ण शमून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबावे. जाळी आधी चांगली तापवावी, माशावरचे मीठ झटकावे आणि मासे एकमेकांना न टेकवता मांडावेत. मध्यम आकाराच्या तारलीला प्रत्येक बाजूस तीन ते चार मिनिटे पुरतात. मासा एकदाच उलटावा; जाळीवरून तो सहज सुटत नसेल तर ओढू नये, अर्धा मिनिट वाट पाहावी. तेल ठिबकून भडका उडाला तर मासा बाजूला घेऊन निखाऱ्यावर चिमूटभर मीठ टाकावे. डोळा पांढरा झाला आणि पाठीवरचा पर ओढताच सुटून आला, की मासा झाला.

त्याच विस्तवावर ढोबळी मिरची काळी पडेपर्यंत भाजावी, सोलून तिच्या लांब पट्ट्या कराव्यात आणि ऑलिव्ह तेल व थोडा शिरका घालून उकडलेल्या बटाट्यांबरोबर वाढावी.

वाढण्याची रीत मात्र बदलू नये. ताटाऐवजी पावाच्या जाड कापावर मासा ठेवतात. पोर्तुगालमध्ये बहुधा गावठी किंवा मक्याचा पाव असतो. आपल्याकडे बेकरीतला कडक पाव आडवा कापून घ्यावा, मऊ लादीपाव तेलाने विरघळतो. बोटांनी कातडी सोलावी, वरचा भाग काट्यापासून अलगद सोडवून खावा, मग काटा डोक्यासकट उचलून खालचा भाग खावा. त्याच कापावर दुसरा आणि तिसरा मासा ठेवत जावे. शेवटी तेल आणि मीठ पुरते मुरलेला तो पाव निखाऱ्यावर किंचित शेकून खावा. माझ्या मते सगळ्या जेवणात याच्याइतका चवदार घास दुसरा नाही.

मासे उरले तर त्यांचा ‘एस्काबेश’ करावा. ऑलिव्ह तेलात कांद्याच्या चकत्या, लसूण आणि तमालपत्र मंद आचेवर परतावे, माडाचा शिरका घालून एक उकळी आणावी आणि हे मिश्रण काटे काढलेल्या माशांवर ओतावे. काचेच्या भांड्यात झाकून, फ्रिजमध्ये रात्रभर मुरू द्यावे आणि दोन दिवसांत, गरम न करता, संपवावे.