हातातल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसा शोधावा

जून-जुलैत कोकणात मासेमारी बंद असते आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. मग पडवीत पोरं शब्दांचे खेळ मांडून बसतात. अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द लावायचं स्क्रॅबल असो, वर्तमानपत्रातलं कोडं असो की मोबाइलवरचं वर्डल, सगळे अडतात एकाच ठिकाणी: अक्षरं समोर असतात, पण शब्द दिसत नाही.

मराठी माध्यमात शिकलेल्यांचं अडण्याचं कारण मला वेगळं वाटतं. मराठीत बहुतेक लिहू तसं वाचतो, म्हणून आपण शब्द कानाने शोधतो. इंग्रजीत कान फसवतो. मँगो घ्या: एम-ए-एन-जी-ओ. याच पाच अक्षरांचा दुसरा शब्द आहे अमंग: ए-एम-ओ-एन-जी. पहिल्यात ओचा उच्चार ‘ओ’, दुसऱ्यात ‘अ’. नुसतं ऐकून हे दोन शब्द एकाच अक्षरांचे आहेत हे कुणाला कळणार? ओशन आणि कनू, म्हणजे समुद्र आणि होडी, यांचंही तसंच. सी एकीकडे ‘श’ होतो, दुसरीकडे ‘क’. म्हणून शोधताना अक्षरं मोठ्याने म्हणू नका, नुसती बघा.

सुरुवात अशी करा. हातातली अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने कागदावर लिहा. ओशनची होतात ए-सी-ई-एन-ओ, आणि कनूचीही नेमकी तीच. दोन शब्द एकाच अक्षरांचे आहेत का, हे तपासायची ही सर्वांत खात्रीची रीत आहे, कारण क्रम लावला की उच्चाराचा प्रश्नच उरत नाही. शेवंडीला इंग्रजीत लॉब्स्टर म्हणतात. त्याची अक्षरं क्रमाने लावली की बी-ई-एल-ओ-आर-एस-टी, आणि बोल्स्टर म्हणजे लोड किंवा आधार देणं, याचीही तीच.

त्यानंतर ठरवायचं ते सर्वांत महत्त्वाचं: तुम्हाला नेमकं काय हवंय? ‘ही अक्षरं असलेला शब्द’ या एका वाक्यात निदान पाच वेगळे प्रश्न लपलेले आहेत, आणि बराच वेळ वाया जातो तो चुकीचा प्रश्न धरून बसल्यामुळे. हापूसवरच, म्हणजे मँगोच्या पाच अक्षरांवरच घेऊ.

सगळी अक्षरं, एकेकदाच आणि दुसरं काही नको: अमंग. त्यातली काहीच वापरली तरी चालतील: मॅन, मोन, नॅग, गो. शेजारच्या गोव्यावरून गोअनही जमतं, पण ते विशेषनाम, स्क्रॅबलमध्ये चालत नाही. पाचही अक्षरं त्याच क्रमाने सलग हवीत: मँगोस्टीन, म्हणजे एम-ए-एन-जी-ओ-एस-टी-ई-ई-एन. क्रम तोच, पण मध्ये दुसरं अक्षर आलं तरी हरकत नाही: मँग्रोव्ह, आपल्या खाडीकाठचं कांदळवन. त्यात जी आणि ओच्या मध्ये आर शिरलाय. आणि पाचही हवीत, पण क्रम कुठलाही आणि जोडीला आणखी अक्षरं: महॉगनी, मोनोग्रॅम, मॅग्नोलिया. वर्डलमध्ये पिवळा चौकोन आला, म्हणजे अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली, की प्रश्न या शेवटच्या जातीचा असतो, फक्त ‘या जागी नको’ एवढी अट वाढते.

प्रश्न ठरला की हाताने शोधताना आधी शेवट बाजूला काढा. आयएनजी, ईआर, ईडी, एलवाय ही शेपटं अक्षरांत सापडतात का बघा. लॉब्स्टरच्या अक्षरांतून ईआर काढलं की उरतात बी-एल-ओ-एस-टी, आणि सातऐवजी पाचच अक्षरं हलवायची राहतात. मग जोड्या शोधा: एसएच, सीएच, टीएच, सीके, एनजी. तरीही दिसेना, तर अक्षरं गोलात लिहा. रांगेत लिहिली की डोळा त्याच क्रमाला चिकटून बसतो.

अवघड अक्षर आधी हाताळा. स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत ईच्या 12 असतात आणि क्यूची एकच. क्यू आणि झेड यांना प्रत्येकी 10 गुण. क्यूनंतर जवळजवळ नेहमी यू येतो. यू हातात नसेल तर क्यू-आय एवढा दोन अक्षरी शब्द पाठ ठेवा. ‘ची’ असा उच्चार आणि 11 गुण. हातातल्या सातही सोंगट्या एका डावात लावल्या तर 50 जादा गुण मिळतात, म्हणून वरची शेपटं काढायची सवय खरोखर कामी येते.

वीज आणि नेट असेल तर वनलुकसारख्या संकेतस्थळावरच्या शब्दशोधात दोन चिन्हं पुरतात. प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर, तारा म्हणजे कितीही अक्षरं, अगदी एकही नसलं तरी चालेल. इंग्रजीत मँगो लिहून आधी आणि नंतर तारा द्या, मँगोस्टीन मिळेल. प्रत्येक अक्षरानंतर एकेक तारा दिला की मँग्रोव्हही येईल. क्रम कुठलाही असेल तेव्हा मात्र ताऱ्यांचा हा नमुना पुरत नाही. तिथे शब्दांची साधी यादी घ्या, दर ओळीला एक शब्द. त्यातून जी असलेल्या ओळी निवडा, उरलेल्यांतून एम असलेल्या, मग ओ, एन आणि ए. लिनक्स किंवा मॅकवर ग्रेप (जी-आर-ई-पी) ही हव्या त्या ओळी निवडून देणारी आज्ञा एकामागे एक जोडून हे क्षणात होतं.

एक जागा सांभाळा. मोनोग्रॅममध्ये एम दोनदा येतो. दोन एम हवेत म्हणून एमची चाळणी दोनदा लावून उपयोग नाही, एकच एम असलेले शब्दही दोन्ही वेळा पार होतात. त्यासाठी एम, मध्ये काहीही, पुन्हा एम असा नमुना द्यावा लागतो. आणि खेळ सुरू करण्याआधी कुठला शब्दकोश प्रमाण मानायचा ते ठरवून घ्या, कारण क्यू-आयसारखे शब्द शाळेच्या छोट्या डिक्शनरीत बहुधा सापडत नाहीत.